धार कुणी लावली?

धडा तिसरा. (पहिल्या दोनांत नुसते पाय दुखले.)

"डावा पाय मागे! तलवार तिरपी! वार झेलायचा नाही, घसरवायचा!"

आखातातल्या मुऐदरच्या सुतारी वर्कशॉपमध्ये दसऱ्याच्या खेळाची शेवटची तालीम होती. उल्कानं लाकडी तलवार डोक्यावर तिरपी धरली. शिकवणारे धोंडीरामकाका आपली बोथट लोखंडी तलवार घ्यायला वळले. सकाळी खंडेनवमीची पूजा झाली होती. करवती-पटाशांबरोबर तीही मांडली होती.

"थांबा!" उल्का ओरडली.

तलवारीवरच्या कागदी फुलांच्या हाराचे दोन तुकडे झाले होते.

"अगो, उंदरान कुरतडला असंल," रत्नागिरीची रुकैया म्हणाली.

"उंदीर इतका सरळ दोरा कापतो? काका, हिला धार आहे!"

"खुळी आहेस! मीच बनवली, बोथटच बनवली. भीती वाटते तर सांग. तुझ्या जागी बाजीरावला उभा करतो."

उल्काचे कान तापले. महिनाभर घाम गाळला होता तिनं!

"जागा माझीच! पण या तलवारीपुढे मी उभी राहणार नाही!"

"मग खलास! तू बाद!"

धडा चौथा. (हा काकांनी शिकवला नव्हता.)

उल्का जागची हलली नाही. तिनं आपली लाकडी तलवार टेबलाच्या शिकंज्यात तिरपी आवळली.

"एकच वार, काका. नुसताच ओरखडा उठला, तर मी बाद!"

"यल्ला! चल, होऊन जाऊ दे!" काका हसले. वार केला.

खच्च!

पातं लाकडात रुतून बसलं. मुठीपासून फक्त चार बोटांवर. त्या मुठीवर उल्काचा हात असता.

सगळे शिकंज्याभोवती गोळा झाले.

"उल्के, हय बघ!" रुकैया सहाणेच्या चाकाखाली वाकली होती. "लोखंडाचा ताजा चुरा!"

"आज हत्यारांना धार कुणी लावली?" उल्कानं विचारलं.

वर्कशॉपचे निवृत्तीमिस्त्री पुढे आले, खाली मान घालून. "मीच. खंडेनवमीला बोथट हत्यार पूजेत कसं मांडायचं? पटाशांबरोबर हिलाही..."

काकांनी कपाळावरचा घाम पुसला. "पोरी, चुकलो मी. इतक्या वर्षांत वार होण्याआधीच अडवणारा शिष्य पहिल्यांदा पाहिला! रुकैया, शाब्बास तुझीही!"

"आणि माझी जागा?"

"तुझीच!"

टाळ्या पडल्या. निवृत्तीमिस्त्री कानस घेऊन धार मोडायला बसले. उल्कानं पात्यावर अंगठा आडवा फिरवला.

"आणखी घासा!"

ते घासत राहिले. काका हात बांधून उभे.

"आणखी!"