वीतभर पुढे

जुनी मोठी गाडी घ्यायची म्हणताय ना, खुशाल घ्या. इंजिन बघा, टायर बघा, कागद बघा. फक्त ड्रायव्हरची सीट आधीच्या माणसाने कुठे ठेवली होती आणि का, ते विचारल्याशिवाय तिला हात लावू नका. का, ते सांगतो. तो दिवा राहू दे तेवढा.

माझ्या ओळखीचा एक जण पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरीला होता. उंची सहा फूट दोन इंच, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणायचे. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. आईच्या किडन्या गेलेल्या, कमरेचं हाड मोडून नीट न जुळलेलं. आठवड्यातून तीनदा तिला पंचाहत्तर किलोमीटरवर डायलिसिसला न्यायचं, आणि नंबर मिळाला तोही पहाटे पाचचा. लहान गाडीत तिला बसताच येईना. ती आडवी पडू शकेल अशी सात सीटची दणकट एसयूव्ही हवी होती आणि नवी घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून सेकंडहँड बघायला तो मला घेऊन गेला. मी मेकॅनिक, नुसत्या आवाजावरून मला गाडीचं वय कळतं असा त्याचा समज.

गाडी चांगली होती. विकणारा तरुण सरळ वाटला. एकच खोड, ड्रायव्हरची सीट पार पुढे, स्टिअरिंगला चिकटलेली, आणि तिथेच गंजून बसलेली. शिडी आत शिरला तो घडीच्या खुर्चीसारखा. मला हसू आवरेना. त्या तरुणाला मात्र हसू आलं नाही.

गाडी त्याची आई चालवायची, असं त्याने सांगितलं. वडिलांना दवाखान्यात न्यायला, चार वर्षं, रात्री-अपरात्री, एकटी. बाई चांगली उंच होती, तरी सीट अशीच ठेवायची.

"मागे टेकलं की डोळा लागतो, म्हणायची."

वडील गेले त्या रात्री ती आडवी झाली, ती उठलीच नाही.

शिडीने गाडी तिथेच ठरवली. मग गुडघे चोळत मला म्हणाला, काका, हे कुठे ठेवू? दुसऱ्या दिवशी मी सीट सरकते ती खालची रेल मोकळी केली, सीट मागे ढकलली, मागच्या भोकांत दोन बोल्ट मारून कायमची पक्की केली आणि बोल्ट जरा जरी फिरला तरी कळावं म्हणून माझ्या सवयीने त्यांवर रंगाची खूण केली. आता ऐसपैस बस, म्हटलं. चुकलं ते तिथेच.

जानेवारीची एकोणीस तारीख, मंगळवार. शिडी रात्री बाराला पाळी संपवून घरी आला, आईचं सगळं करून पावणेतीनला निघाला. महिनाभर त्याला सलग तीन तास झोप मिळाली नव्हती. मागच्या वेळचा नंबर चुकला होता, आईला धाप लागत होती. आज चुकून चालणार नव्हतं. ती मागे उशीवर पडलेली. रस्ता सरळ. हीटर चालू. जरा ऊब आली, तो मागे टेकला...

किती वेळ गेला, त्याला माहीत नाही.

खालून करकर आवाज आला. गंजक्या लोखंडाचा. सावकाश.

त्याला वाटलं, स्वप्न.

पुन्हा करकर. मग पाठीत जोर. दोन तळहातांचा... सीटच्या आतून.

गुडघे आपटले. मस्तकात कळ गेली. डोळे उघडले.

समोर ट्रेलर. बंद पडलेला. दिवे नाहीत.

ब्रेक.

...

बंपर आणि ट्रेलरमध्ये हात जाईल एवढी जागा उरली होती. मागून आईने विचारलं, "पोहोचलो का रे?"

"पोहोचतोय, आई."

छाती स्टिअरिंगला टेकलेली, तशीच त्याने गाडी बाजूने काढली आणि पाचच्या आत दवाखान्याच्या दारात लावली. आई त्यानंतर दोन वर्षं जगली.

दुपारी गाडी माझ्याकडे आली. सीट वीतभर पुढे होती. मी पाना उचलला, तर त्याने माझा हात धरला.

"राहू द्या, काका. मी फार दमलोय. टेकलो तर परत झोपेन."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं.

तरी मी वाकून खाली बॅटरी मारली. बोल्ट तुटले असणार, दुसरं काय? दोन्ही बोल्ट मागच्या भोकांत होते, मी आवळले तसेच घट्ट. रंगाची खूणसुद्धा हलली नव्हती.