रेमोंचा खाणीतला दिवा

“तो दिवा संध्याकाळपर्यंत सापडला नाही, तर माझी नोकरी गेली,” सहर म्हणाली.

सहर सौदी अरेबियातल्या यान्बू शहरात कंपनी कॉलनीच्या हॉलची व्यवस्थापक. पुण्याचे खासगी गुप्तहेर श्रीपाद केतकर लेकीकडे राहायला आलेत, हे कळताच तिनं सकाळीच त्यांचं दार ठोठावलं होतं. जावई इंद्रनीलही बाहेर येऊन बसला.

आदल्या दिवशी हॉलमध्ये ‘माझं गाव’ नावाचं प्रदर्शन होतं. एतिएन या फ्रेंच इंजिनिअरच्या वडिलांनी, रेमोंनी, आपला खाणीतला दिवा मांडला होता. त्यांच्या चिमुकल्या गावात लोखंडाची खाण होती. ती कायमची बंद झाली, तेव्हा रेमों हाच दिवा हातात घेऊन वर आले होते. आज रात्री ते गावी परतणार होते. सकाळी हॉल उघडला, तर टेबल रिकामं!

“दिव्याशिवाय विमानात पाऊल ठेवणार नाही म्हणतात. हॉलची किल्ली माझ्या ऑफिसात टांगलेली असते, कुणीही घेऊ शकतं. पण संशय माझ्यावरच.”

“काल दिव्याला हात कुणी लावला?”

“रेमोंनी पेटवून दाखवला. आत कसले तरी खडे आणि पाणी घालतात. हॉलभर लसणासारखा वास! मग हेमचंद्रनी तो विझवायला लावला.”

हेमचंद्र हा नाशिकचा सुरक्षा अधिकारी. श्रीपादांनी विचारताच तो तडकलाच.

“गर्दीत उघडी ज्योत? विझवायला लावणारच! पण पळवेन कशाला, केतकरसाहेब? उलट नंतर त्यांच्याशी छान गप्पा झाल्या. एतिएन भाषांतर करत होता. गावातली शाळा बंद, बेकरी बंद, बायको गेलेली. एकटे तिथं काय करणार, असं मी विचारलं. एतिएननं तो प्रश्न पुढे सांगितलाच नाही.”

एतिएनचं घर हॉलच्या समोरच होतं. रेमों गुडघे चोळत खिडकीशी बसले होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

“काल हॉलमध्ये नेताना पपांनी दिव्याची पेटी स्वतः उचलून रस्ता ओलांडला,” एतिएन म्हणाला. “मला हातही लावू दिला नाही.”

श्रीपादांची लेक मंजुषाही प्रदर्शनात होती. तिच्या दवाखान्यापर्यंत एतिएननं श्रीपाद आणि इंद्रनीलला गाडीनं सोडलं.

“लसणाचा वास येतोय,” इंद्रनील गाडीत म्हणाला.

“काल भाजी आणली होती,” एतिएन पुढे बघत म्हणाला.

मंजुषा फिजिओथेरपिस्ट होती. “मी निघाले तेव्हा दिवा जागेवरच होता, बाबा. बिचाऱ्यांचे गुडघे मात्र फार दुखतात. उद्यापासून रोज व्यायामाला येणारेत. एतिएननं कालच वेळ घेतली.”

श्रीपाद हसले. “चला, इंद्रनीलराव. काम झालं.”

“म्हणजे हेमचंद्रच ना, अण्णा?”

दुपारी सगळे एतिएनकडे जमले.

“दिवा एतिएनच्या डिकीत आहे,” श्रीपाद शांतपणे म्हणाले. “आत ओले खडे राहिले, की विझल्यावरही वास सुटत राहतो. रेमोंनी दिवा चालत नेला, नंतर तो हॉलमध्येच होता. मग वास गाडीत कसा आला? भाजीचा असेलही, म्हणून मी थांबलो. पण आज रात्री फ्रान्सला निघालेला माणूस उद्या यान्बूत व्यायामाला कसा येणार? दिवा नाहीसा होण्याआधीच एकाला ठाऊक होतं, की रेमों जाणार नाहीत.”

एतिएन उठला आणि डिकीतली पेटी घेऊन आला.

“मला फक्त एवढंच…”

“मला नको सांगूस,” श्रीपाद म्हणाले. “त्यांना सांग.”

एतिएन वडिलांपुढे गुडघ्यांवर बसला. बराच वेळ फ्रेंचमध्ये अडखळत बोलला. म्हातारा ऐकत राहिला, मग त्यानं मुलाच्या डोक्यावर एक टप्पल मारली आणि काहीतरी पुटपुटला.

एतिएननं डोळे पुसले. “पपा म्हणतात, तिकीट मी काढलं, म्हणून त्यांना वाटलं की त्यांनी जावं असं मलाच वाटतंय. मला वाटत होतं, त्यांनाच जायचंय.”

रेमोंनी सहरकडे बोट दाखवून एतिएनला दरडावलं.

“माफ कर, सहर. तुझ्या साहेबांना मी स्वतः सगळं सांगतो.”

“आत्ताच,” सहर ठामपणे म्हणाली. “यल्ला, चल!”

दोघं बाहेर पडत होते, तोच रेमोंनी एतिएनला हाक मारून काहीतरी विचारलं. एतिएन दारातच थबकला आणि मोठ्यानं हसला.

“काय म्हणतात?” इंद्रनीलनं विचारलं.

“विचारतायत, इथल्या समुद्रात गळाला मासे लागतात का.”