येताना बंद पडणारी गाडी

ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. टळटळीत ऊन होतं, रस्त्यावर वाहनं होती आणि आम्ही सगळे शुद्धीत होतो.

ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं. मी रंजिता, राहते आसनगावला, आणि हे माझ्या डोळ्यांसमोर झालंय. गेल्या दिवाळीनंतर, भात झोडणीच्या दिवसांत. टोकावडे आणि वैशाखरे यांच्या मधल्या रस्त्यावर.

माझं माहेर वैशाखऱ्याच्या पुढे, एका पाड्यावर. तिकडे जायला म्हणून माझ्या नवऱ्याने, किशोरने, सेकंड हँड सात सीटर गाडी घेतली. ती विकली माझ्याच मामाने. सख्खा नाही, आईचा चुलतभाऊ. काळूराममामा. टोकावड्याला राहायचा, लग्नाला गाड्या भाड्याने द्यायचा. कुणाच्याही गळ्यात काहीही मारण्यात पटाईत.

"घरातली गाडी घरात ऱ्हाते, जावईबापू," म्हणाला. आणि आमचे जावईबापू विरघळले.

गाडी वाईट नव्हती. शहापूर, किन्हवली, सरळगाव... कुठेही न्या. लग्नाची भाडी मारा. तक्रार नाही. माहेरी जातानासुद्धा कधी कुरकुरली नाही.

पण येताना...

येताना वैशाखरे सोडलं की बसथांब्याची एक जुनी शेड लागते. मागे साग, पुढे शेतं. त्या शेडसमोर गाडी बंद पडायची.

दर खेपेला. तिथेच.

धक्का नाही, धूर नाही. इंजिनाचा आवाज हळूहळू कमी होत जायचा आणि गाडी शेडच्या बरोबर समोर उभी राहायची. किल्ली फिरवा, काही नाही. आम्ही वैतागून खाली उतरायचो. शेवटचा माणूस उतरला की किशोर बाहेरूनच हात घालून किल्ली फिरवायचा...

आणि गाडी चालू.

मुरबाडच्या मेस्त्रीने फिल्टर बदलला, पंप उघडला, वायरिंग तपासलं. "गाडीत कायच नाय," म्हणाला. किशोरला ते पटेना. त्याचं म्हणणं, अजून एकदा इंजिन खोलून बघू. माझं म्हणणं, कल्याणला एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू. यावरून आमच्या घरात रोज भांडी वाजायची.

"लोखंडाला काय जागा कळते का, रंजे?"

"मग तुम्हाला कळते का? तीन महिने तिथेच उतरताय!"

मी उगाच भांडत नव्हते. माझ्या भावाची, आदेशची बायको रविना गरोदर होती. फार वाट बघून, आधीची दोन पोटातच गेल्यावर. दवाखाना मुरबाडला. आणि किशोरने छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं, "वहिनींना मीच नेणार. काळजी करू नका." म्हणजे रविना ज्या रस्त्याने जाणार, तो येतानाचा रस्ता. मध्ये ती शेड.



आणि मी किशोरला सगळं सांगितलंही नव्हतं. इंजिन बंद झालं की गाडीत एक आवाज यायचा. मागच्या सीटवर, डावीकडे...

श्वासाचा.

दात आवळून, कळ सोसत घेतलेला. एक. मग थोडं थांबून पुन्हा एक.

आम्ही उतरलो की तो थांबायचा.

शिवाय ती म्हातारी. गाडी बंद पडली की सागाच्या झाडांमधून ती यायची. हातात पाण्याचा तांब्या. आमच्याकडे बघायची नाही. सरळ मागच्या डाव्या काचेपाशी जायची, तांब्या वर धरायची, वाट बघायची. मग पाणी रस्त्यावर ओतून परत जायची. किशोर म्हणायचा, वेडी आहे.

दिवाळीनंतर मी रविनाजवळ राहायला गेले होते. एक दिवस सरळ त्या म्हातारीच्या घरी गेले. सकूबाई तिचं नाव. अंगणात भात वाळत घातलं होतं, ती कोंबड्या हाकत बसली होती. वेडीबिडी काही नव्हती.

"आजी, आमच्या गाडीत कुणाला पाणी देता?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तू काळूरामाची कोन?"

"भाची."

तिने तोंड फिरवलं.  मग म्हणाली, "त्या गाडीत माझी सून व्हती. रखमी."

रखमीचे दिवस भरले होते. कळा सुरू झाल्या. मुलगा कामाला वाशिंदला. काळूराम वैशाखऱ्याला आला होता, त्याच्या हातापाया पडून सकूबाईने सुनेला गाडीत घातलं. रखमीला रक्त जायला लागलं. काळूरामने आरशात बघितलं. आणि या शेडसमोर गाडी थांबवली.

"बोल्ला, गाडी बंद पडली. उतरा, धक्का मारायला लागंल. मी उतरले. रखमीला बाकड्यावर बसवली. आमी उतरलो ना... तशी त्यानं गाडी चालू केली न् निंगून गेला."

तिने भातावरची कोंबडी हाकलली.

"मागं वळून पन नाय बगितलं त्यानं. रखमी पानी मागत व्हती. मी धावत घरी आले, तांब्या भरला. परत गेले तवर..." म्हातारीने पदर तोंडाला लावला. "प्वार पन पोटातच ऱ्हायलं."

"पण का? असं का केलं त्याने?"

"दुसऱ्या दिवशी त्या गाडीत नवरदेव बसायचा व्हता."

तेवढ्यावरून मला सगळं कळलं. आमच्याकडे ज्या गाडीत माणूस गेलं, ती कुणी लग्नाला घेत नाही. हार घालत नाही, नवरदेवापुढे उभी करत नाही. बातमी पसरली की गाडीचा धंदा संपला. म्हणून त्याने रखमीला मरायला खाली उतरवलं. गाडी स्वच्छ राहावी म्हणून! दुसऱ्या दिवशी तिलाच झेंडूच्या माळा घातल्या. आणि पुढे ती आम्हाला विकली, गोड बोलून.

 रात्री फोनवर किशोरला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "सोमवारी एक्स्चेंजला देऊ. नक्की." शनिवारी मला न्यायला गाडी घेऊन आला. आणि रविनाला अजून पंधरवडा होता.

पण पोटातल्या बाळाला कोण तारीख सांगणार?

रविवारी दुपारी खळ्यावर झोडणी चालू होती. भाताचे भारे मोजून घ्यायला काळूराममामा आला होता, त्याचा वाटा होता आमच्या शेतात. जेवणं नुकतीच झाली होती. आणि रविना दाराची चौकट धरून खाली बसली.

ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ती दुसरा पेशंट घेऊन गेली होती, यायला वेळ लागणार होता. आदेश घाबरून नुसता इकडून तिकडे पळत होता. किशोरने माझ्याकडे बघितलं. दारात एकच गाडी उभी होती.

"काढा गाडी," मी म्हटलं.

मामा चप्पल घालत होता. "मी येष्टीनं जातो. तुमी व्हा पुढं."

"नाही मामा. तुम्ही पुढे बसा."

"मी कशाला गो?"

"तुमची गाडी. बंद पडली तर तुम्हीच चालू कराल ना? तुम्हाला येते चालू करायला."

त्याचा चेहरा उतरला. मला कळलं की त्याला कळलं. पण खळ्यावर सगळा पाडा जमला होता. रविना कण्हत होती. तिला सोडून एसटीची वाट बघत उभं राहणं त्याला चारचौघांत जमलं नाही. तो बसला.

मी मुद्दाम बसवलं त्याला. लपवत नाही. आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही.

किशोर चालवत होता, शेजारी मामा. मागे मध्ये रविना, उजवीकडे मी. आदेश सर्वांत मागे. रविनाच्या डावीकडची जागा तिला पाय पसरायला मोकळी ठेवली होती.

वैशाखरे गेलं. 

सागाची झाडं दिसायला लागली...

इंजिनाचा आवाज कमी होऊ लागला.

"नको ना," किशोर म्हणाला. गाडीलाच म्हणाला. त्याचा पाय पूर्ण दाबलेला होता.

गाडी शेडसमोर जाऊन उभी राहिली.

किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली.

शेतात कुठेतरी मळणी मशीन चालू होतं, त्याचा आवाजही बंद झाला. पाखरं गप्प. फक्त रविनाचा श्वास ऐकू येत होता. दात आवळून घेतलेला.

आणि त्याच्या मागोमाग...

दुसरा.

मामाने दोन्ही हातांनी कान झाकले. म्हणजे त्यालाही ऐकू येत होता.

"ताई," रविना म्हणाली, "हात थोडा सैल धरा ना. दुखतोय."

मी तिचा हात धरला नव्हता. माझ्या दोन्ही हातांत पाण्याची बाटली होती.

मी तिच्या डाव्या हाताकडे बघितलं. मनगटावरची कातडी दबलेली होती. चार बोटांच्या जागी...

 रविनाला कसं उतरवू? तिथे, त्या बाकड्यावर? मी मनातल्या मनात म्हणाले, रखमे, हिला नको गो. हिने काय केलंय तुझं? ज्याने केलं तो पुढे बसलाय.

हो. असंच म्हणाले मी.

झाडांमधून सकूबाई आली. तांब्या घेऊन. पण आज ती मागच्या काचेपाशी गेली नाही. पुढच्या काचेपाशी उभी राहिली. मामाकडे बघून शांतपणे म्हणाली,

"काळूराम, गाडी बंद पडली. उतर."

मामा हलला नाही. त्याने दाराचं हँडल घट्ट धरून ठेवलं होतं, दार उघडू नये म्हणून.

खट्.

दार उघडलं. तो उतरला. कुणी ओढलं नाही त्याला, मी बघत होते. पण त्याचा उजवा हात पुढे ताणलेला होता, लहान पोराला धरून नेतात तसा. तो जाऊन बाकड्यावर बसला.

किशोरने किल्लीला हात लावायच्या आधी गाडी चालू झाली.

आम्ही मागे वळून बघितलं नाही.

रविनाला मुलगी झाली. दवाखान्यात पोचून जेमतेम टेकलो होतो. डॉक्टर म्हणाल्या, अजून उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या. आदेश तिथेच जमिनीवर बसून रडला. मीही रडले.

संध्याकाळी दिपेशचा फोन आला. तो टोकावडे-वैशाखरे जीप चालवतो.

"ताई, तुमचा काळूमामा गेला. शेडमधी."

त्याने जे सांगितलं ते तसंच लिहिते. मामा छाती धरून शेडमधून हात दाखवत होता. दिपेशने जीप थांबवली, त्याला आत घेतलं. जीप बंद पडली. काही केल्या चालू होईना. मामाला उतरवून धक्का मारू म्हटलं, तर तो उतरताच चालू झाली. पुन्हा बसवला, पुन्हा बंद. मग एक टेम्पो थांबला. तोही बंद. मग एक मोटरसायकल...

"एक गाडी त्याला घेऊन हलली नाय, ताई. माझी जीप नवी हाय. शपथेवर सांगतो. तो नुसता बोलत व्हता, मला उतरवू नका, मला उतरवू नका."

"आणि सकूबाई?"

"तिनं तांब्यातलं पानी पाजलं त्याला. शेवटचं."

डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका लिहिला. लिहू देत.

त्यानंतर गाडी एकदाही बंद पडलेली नाही. जाताना नाही, येताना नाही. शेडपाशी सकूबाई येत नाही. किशोर तर खूश झाला. "बघ, इंजिनाला हात न लावता दुरुस्त झाली. एक्स्चेंज कशाला करायची?" पुन्हा लग्नाची भाडी घ्यायला लागला.

मलाही वाटलं, संपलं.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी तो दारात गाडी धुवत होता. सकाळी नवरदेवाला न्यायचं होतं, झेंडूचा हार आणून ठेवला होता. फोन वाजला. मागच्या आळीतल्या हनुमानचा. त्याच्या आईला धाप लागली होती, दवाखान्यात न्यायचं होतं. किशोरने ओल्या गाडीकडे बघितलं, हाराकडे बघितलं, आणि सहज बोलून गेला,

"अरे, गाडी बंद पडलीय रे..."

खट्.

मागचं डावं दार उघडलं.

आम्ही दोघांनी बघितलं. दार उघडं होतं आणि आत, डावीकडची सीट हळूहळू दबत होती. कुणीतरी बसत असल्यासारखी.

"आलो, आलो! पाच मिनिटांत आलो!" किशोर फोनमध्ये ओरडला.

हनुमानची आई वाचली. लग्नाचं भाडं किशोरने दुसऱ्याला दिलं. हार अजून खिळ्याला लटकतोय, सुकून गेलाय. काढायचं धाडस होत नाही.

कल्याणहून एक्स्चेंजवाल्याचा फोन येतो अधूनमधून. किशोर म्हणतो, देऊन टाकू, सुटू एकदाचे. मी नाही म्हणते. आता भांडण उलटं झालंय.

कारण द्यायची तर घेणाऱ्याला सगळं सांगावं लागेल. सांगितलं तर कुणी घेणार नाही.

आणि न सांगता दिली, तर... काळूमामाने तेच केलं होतं.