डाव्या आरशावरचा दिवा

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. माझ्या मामेभावाच्या, केयूरदादाच्या बाबतीत घडलेली. आणि रात्री नाही... भर दुपारी, कोलकात्यात.

गेल्या जानेवारीतली. दादा तेव्हा खिदिरपूरला कस्टममध्ये होता. यामिनीवहिनीला सातवा महिना.

त्यांच्या गाडीच्या मागच्या बंपरआड, दोन्ही कोपऱ्यांत रडारचे सेन्सर होते. आरशात न दिसणाऱ्या जागी कुणी आलं, की त्या बाजूच्या आरशावर पिवळा दिवा लागायचा.

डावा दिवा मात्र विझतच नव्हता. रस्ता रिकामा असला तरी.

गॅरेजवाल्याने बंपर उतरवला. "अंदर का ब्रॅकेट टेढ़ा था, साहब. सेन्सर नया डाला, कॉम्प्यूटर लगाके सेट भी कर दिया."

दिवा विझला.

दुसऱ्याच दिवशी वहिनीच्या पोटात कळ आली. रक्त जायला लागलं. दादाने तिला कसंबसं पुढच्या सीटवर बसवलं आणि गाडी पळवली.

हॉस्पिटलचं वळण डावीकडे होतं. दादाने इंडिकेटर दिला...

दिवा लागला. टीं टीं टीं...

आरशात कुणी नाही. मान वळवून पाहिलं. कुणीच नाही.

"वळव ना रे!" वहिनी कळवळली.

त्याने स्टिअरिंग वळवायला घेतलं, आणि तीच किंचाळली.

"थांब! मुलगी आहे!"

"कुठे?"

"माझ्या दाराशी... पळतेय बघ, गाडीबरोबर..."

दादाला नुसता मोकळा रस्ता दिसत होता. वहिनीचा हात गार पडत चालला होता. थांबलं तर बाळ हातचं जाईल. वळलं तर...

"देवा, माफ कर," तो म्हणाला, आणि वळला.

धक्का नाही. आवाज नाही.

दिवा विझला...

आणि मागच्या सीटच्या बेल्टची सूचना वाजू लागली. मागे कुणी बेल्ट न लावता बसलं, की वाजते ती.

"मागे बघू नकोस," वहिनी पुटपुटली.

त्याने पाहिलं नाही.

हॉस्पिटलच्या दारात वॉर्डबॉयने वहिनीला स्ट्रेचरवर घेतलं. मग गाडीत डोकावला.

"और पीछे जो बच्ची है?"

दादा स्ट्रेचरमागे धावला.

संध्याकाळी मुलगी झाली. एवढीशी, काचेच्या पेटीत. पण जिवंत. वहिनीही वाचली.

दादा गाडी लावायला बाहेर आला, तर मागचं दार सताड उघडं. त्याने वॉर्डबॉयला गाठलं.

"वो? वो तो आपके पीछे-पीछे ही अंदर गई."

त्या रात्री दादा बाळाच्या खोलीच्या दारात, दोन्ही हात चौकटीला लावून उभा राहिला.

त्या मुलीला आत जाऊ न द्यायला, की बाहेर जाऊ न द्यायला... ते त्याला आजही सांगता येत नाही.