लाल दोऱ्याची गाठ

दार लोटून घ्या पोरांनो, वारं येतंय. हं, सांगतो. ऐकीव नाही, माझ्या दोस्ताचं आहे. सोनं गाळून शुद्ध करायचा तो.

गेल्या हिवाळ्यात एका बंद पडलेल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या बाटल्या त्यानं आणल्या. टेम्पोभर. निम्म्यांवरच्या चिठ्ठ्या तेजाबानं खाल्लेल्या. त्यातून सोन्याच्या कामाची कुठली, बिनकामाची कुठली आणि जिवावर उठणारी कुठली, ते निवडायचं होतं.

आधी हे काम त्याचा मोठा भाऊ करायचा. डावखुरा, हसरा माणूस. बूच जरासं ढिलं करायचा, हातानं वारा नाकाकडे घ्यायचा, की झालं. धाकटा चिडवायचा, "दादा, नाक आहे का मांजराचं?"

"मांजराचंच. म्हणून तर तू चोरून ओढलेली विडी मला घरात बसून कळते!"

जी बाटली वाईट, तिच्या गळ्यात तो लाल दोरा बांधायचा. म्हणजे, हात लावू नका. गाठ त्याची उलटी पडायची, डाव्या हाताची.

गेला तोही तसल्याच एका बाटलीनं. फुटली, तांबूस धूर कोंडला. खिडकी बंद. शेजारी धुराची कटकट करतात म्हणून धाकट्यानंच कडी घातली होती. वहिनीला मात्र म्हणाला, "दादानंच लावून घेतली." ती बिचारी तेव्हापासून नवऱ्यालाच बोल लावायची, "असे कसे हो वेंधळे..." आणि हा मान खाली घालून ऐकायचा.

तर त्या शनिवारी, रात्री पावणेबाराला, तो निवडायला बसला. तीच खोली. खिडकी सताड उघडी. एक बाटली उचलली, बूच फिरवणार...

मागे कुणीतरी हुंगलं.

हळूच. मग पुढच्या बाटलीपाशी. मग तिच्याही पुढच्या.

"दादा?"

...

दिवे गेले नव्हते, बरं का. लख्ख उजेड. खोलीत कुणी नाही.

हुंगणं जवळ आलं. अगदी कानामागे. थांबलं.

"दादा, ती खिडकी मी..."

पुढचं त्याला आठवत नाही.

"मग, आजोबा?"

सकाळी वहिनी चहा घेऊन आली. हा भिंतीला टेकून बसलेला. वाईट बाटल्या एका बाजूला लावलेल्या, प्रत्येकीच्या गळ्यात लाल दोरा. वहिनी उंबऱ्यातच थांबली. पण ती बाटल्यांकडे बघत नव्हती.

"भाऊजी... तुमच्या गळ्यात हे कुणी बांधलं?"

त्यानं तिथंच तिला सगळं खरं सांगितलं. ऐकून तिनं कप खाली ठेवला आणि गेली.

दोरा अजून आहे. मी बघितलाय. काढ म्हटलं, तर म्हणतो, काढवत नाही.

गाठ उलटी आहे. डाव्या हाताची.