पट्ट्यांखालचे मोती

दीक्षा सकाळच्या बसने अमरावतीहून अकोल्याला निघाली, तेव्हा तिच्या पिशवीत मोबाइल, त्याचा स्टँड, पाण्याची बाटली आणि नोटेशनचे चार कागद होते. काम तसं साधं होतं. फ्रान्समधल्या एका संगीतशाळेने शिष्यवृत्तीसाठी तिचं ध्वनिमुद्रण मागवलं होतं. ते खऱ्या, तारांच्या पियानोवरचं असावं आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत पोचावं, एवढीच अट होती. तिच्या घरी होता तो विजेवरचा कीबोर्ड. खरा पियानो तिच्या माहितीत एकच होता. तिच्या गुरू साधनाताईंचा, अकोल्याच्या जठारपेठेतल्या घरी. ताईंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

ताईंचे भाऊ खुशालराव बनियनवरच दारात आले.

"पोरी, मे महिन्यात अकोल्याले कोनी मुद्दाम येते का?"

"आज शेवटचा दिवस आहे काका. अन् कूलर बंद करावा लागन. रेकॉर्डिंगमधी आवाज येते."

"कर बंद. वाजवनं झालं की मले उचलून दवाखान्यात नेजो म्हंजे झालं."

कूलर थांबला आणि खोलीत एकाएकी दुपार शिरली. वाळ्याचा ओला वास विरला. त्याच्याखाली दुसरा एक वास होता, तो तेव्हा जाणवला. शिळ्या खोबरेल तेलाचा, घामाचा, बंद मुठीत बराच वेळ धरलेल्या नाण्याचा. दीक्षाने मनात उंदरांची शंका घेतली आणि झाकण उघडलं.

हा पियानो कॉन्व्हेंटमधल्या एका फ्रेंच सिस्टरने बोटीने आणला होता. सिस्टर फ्रान्समध्ये ल्योनला शिकलेली. तिने साधनाताईंना घडवलं आणि ताईंनी दीक्षाला. "आमचा हात पुस्तकातून येत नाही," ताई म्हणत, "हातातून हातात येते." त्या फ्रेंच रीतीत मनगट निश्चल राही, बोटं पट्टीला सोडून उडत नसत आणि प्रत्येक सूर माळेतल्या मोत्यासारखा गोल, सुटा निघे. त्यासाठी नखं पार मुळाशी कापलेली लागत. ती ताई स्वतः कापत. धडा सुरू होण्याआधी दीक्षाचा हात मांडीवर घेऊन, एकेक बोट चिमटीत दाबून. कापलेली नखं एका पितळी ताटलीत गोळा होत आणि ताटली आत जाई. घरात नखं पडू नयेत म्हणून ही काळजी, असंच दीक्षाला तेव्हा वाटे.

आज मात्र तिने ती सकाळी घरीच कापली होती. काल वलगावला चुलतबहीण प्रतीक्षाचं लग्न झालं होतं. नखांच्या टोकांवर मेंदी रंगलेली होती. कापलेली नखं रद्दी कागदात गुंडाळून तिने स्वतःच्या हाताने घंटागाडीत टाकली होती.

तिने वाजवायला सुरुवात केली. तिसऱ्याच ओळीत मधली एक पट्टी खाली गेली ती वर आलीच नाही. पुन्हा दाबली. पुन्हा अडकली. घड्याळात तीन वाजले होते.

"काका, पेचकस आहे का?"

खुशालरावांनी पेचकस आणला, पुढची फळी धरून ठेवली. दीक्षाने पट्ट्यांवरची दांडी सोडवली आणि अडलेली पट्टी अलगद उचलली.

खाली हिरव्या लोकरी कापडाची बनात असायला हवी होती. ती दिसत नव्हती. तिथे नखं होती. चंद्रकोरीसारखी, पिवळट, एकात एक बसवलेली, माशाच्या खवल्यांसारखी थरावर थर. वरची पातळ, लहान मुलीच्या बोटांची. खालची जाड, रेघाळलेली, तपकिरी पडलेली. तिने शेजारची पट्टी काढली. तिच्याखालीही तेच. उष्ण, तेलकट वाफ तिच्या तोंडावर आली.

"उंदरानं जमा केले असन..." खुशालराव पुटपुटले.

"उंदीर रांगेत लावत नाहीत, काका."

पट्टी अडली होती ती एका आडव्या नखामुळे. दीक्षाने ते चिमटीत धरून उजेडात नेलं. त्याच्या टोकावर मेंदी होती. ताजी. खाली आणखी नऊ होती.

ती मोरीकडे धावली. नळाखाली बोटं खसखसून धुतली. परत आल्यावर तिने ब्रश घेतला आणि दोन्ही पट्ट्यांखालचं सगळं वर्तमानपत्रावर झाडून काढलं. पट्ट्या बसवल्या, वाजवून पाहिलं. पट्ट्या आता मोकळ्या होत्या, पण त्यांचा सूर मेला होता. दारावर बोट वाजवावं तसा लाकडी, पोकळ ठोका. शेजारचे सूर मोत्यांसारखे निघत होते आणि माळेत मधोमध दोन खडे आले होते.

चार वाजून दहा मिनिटं.

"राहू दे पोरी," खुशालराव हळूच म्हणाले. "पुढच्या वर्षी भरजो."

"पुढच्या वर्षी वय बसत नाही काका. हे शेवटचंच आहे."

मग दीक्षा गुडघ्यांवर बसली. वर्तमानपत्र जवळ ओढलं. तोंडाने श्वास घेत, उघड्या बोटांनी, तिने ती नखं एकेक करून परत रचली. आधी जाड, मग पातळ. ती बोटांना चिकटत होती. घामाने ओली झाली की मऊ पडत होती, जिवंत असल्यासारखी. सगळ्यांत वर तिने मेंदीची दहा ठेवली. कशी ठेवायची ते तिला कोणी सांगितलं नव्हतं; हाताला ठाऊक होतं.

पट्ट्या बसवून ती वाजवायला बसली. असं तिने आयुष्यात वाजवलं नव्हतं. खुशालराव दाराशी उभे राहून डोळे पुसत होते. "ताईच..." एवढंच म्हणाले. ध्वनिमुद्रण पाचला सात मिनिटं बाकी असताना गेलं.

त्या दिवसापासून दीक्षा रोज सकाळी नखं कापून गॅसच्या बर्नरवर जाळू लागली. घरभर तो जळका वास राही. "काय करून राहिली हे घाणेरडं?" आई, सुंदराबाई, नाकाला पदर लावून ओरडत. दीक्षा खिडकी उघडी आणि बर्नर पुसून ठेवी.

आठव्या दिवशी कुरिअरने पत्र आलं. निवड झाली होती. वडील, शेषराव, पेढे आणायला बाहेर पडले. दीक्षा पलंगावर बसून सूचना वाचत होती. विमानाची तारीख, खोलीचा पत्ता, थंडीचे कपडे. सर्वांत खाली, छापील मजकुरानंतर, मुख्य शिक्षिकेने शाईने एक ओळ वेगळी लिहिली होती.

'इथे येईपर्यंत नखं कापू नयेत, आणि जाळू तर मुळीच नयेत. ती आम्ही कापतो.'