पूजेआधीची कैरी

रोह्याच्या एसटी स्टँडवर माझा पळसाच्या पानांचा भारा सुटला आणि पानं चहूकडे उडाली. ती गोळा करायला जो पोरगा धावला, तो जगन. पेणकडच्या ठाकूरवाडीतला, धाटावच्या कंपनीत नवाच लागलेला.

"माझी बस चुकवलीस गो," तो म्हणाला.

"तुला बोलवलं कोनी व्हतं?"

"कोनी नाय... म्हणून तर आलो."

मग दर बाजाराला त्याची बस चुकू लागली. चैत्र लागला तसा त्यानं एकदा खिशातून कैरी काढली, फोडली, मीठ लावून अर्धी माझ्यापुढे धरली. आमच्या वाडीत देवाच्या आंब्याची पूजा होईपर्यंत नवं फळ कुणी तोंडाला लावत नाही. लावलं तर पाऊस रुसतो. हे मला लहानपणापासून पाठ होतं. पण तो माझ्याकडे बघत होता, आणि... मी खाल्ली.

"आमची पूजा मागल्या आठवड्यात झाली," तो म्हणाला. "तुमची?"

"परवा हाय."

त्याचा चेहराच उतरला. "मग खाल्लीस कशाला गो?"

"तू दिलीस म्हणून."

तेवढ्यात बस आली. तो हातातली अर्धी कैरी खिशात कोंबून चढून गेला.

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. यंदा आंब्याच्या मुळाशी पहिली घागर ओतायचा मान माझा होता. आई तर सगळ्या निडी गावभर सांगत सुटली होती. माझ्यापायी वाडीचा पाऊस गेला तर? आणि जगन... तो आता पुन्हा बोलेल तरी का?

पूजेच्या सकाळी वाडीची पूजा करणाऱ्या कान्हूभगतांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "नवं फळ कोनी चाखलं असल, त्यानं बाजूला व्हा."

दरवर्षी विचारतात. दरवर्षी कुणी हलत नाही. मी गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं. घागरीतलं पाणी हिंदकळत होतं. मी घागर खाली ठेवली.

"मी खाल्ली, कान्हूबाबा."

आईनं तोंडाला पदर लावला.

"कोनी दिली?" कान्हूबाबांनी विचारलं.

नाव सांगितलं तर जगनला आमच्या वाडीची वाट बंद झाली असती.

"मी दिली." गर्दीच्या मागून कंपनीचा निळा शर्ट पुढे आला. शिफ्ट सुटल्यावर तसाच आला होता. "आमच्या वाडीची पूजा झालेली, बाबा. हिची राहिली हे मला ठाव नव्हतं."

"मग तुला दोष नाय. जा, पावन्यांत बस."

"नाय बाबा." तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "मी हितंच बरा हाय."

बायका खुदकन हसल्या. माझे कान तापले, तरी मी तिथून हलले नाही.

कान्हूबाबांनी दंड सांगितला. पाऊस पडेपर्यंत रोज सकाळी ओढ्यावरून दोन घागरी आणून आंब्याला घालायच्या. "एकटीला झेपल का गो?" त्यांनी मला विचारलं, पण बघत होते जगनकडे.

"माझी आता दुपारची शिफ्ट हाय," जगन म्हणाला.

त्या वर्षी जेठ सरत आला तरी सगळी वाडी आभाळाकडे डोळे लावून बसली होती. पाऊस अजून चार दिवस येऊ नये, असं वाटणारे आम्ही दोघंच होतो.